वर्ड्सवर्थला आनंद कोचावर पडल्यावर का होतो?

पाऊलवाट | ७ एप्रिल, रात्री ९.४०

भाची बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंग्रजी वाङ्मय. परवा तिचा फोन आला. "मामा, रोमँटिक कवितेत निसर्ग चिरकाल आनंद आणि शहाणपण कसं देतो यावर दहा मार्कांचं लिहायचंय. पटकन चार मुद्दे सांग." (रोमँटिक म्हणजे प्रेमकविता नव्हे, १८०० च्या आसपासच्या इंग्रजी कवींचा एक पंथ.) मी पेशाने सिव्हिल इंजिनिअर, पण कविता वाचणारा म्हणून घरात माझं नाव बदनाम आहे. तिच्या गाईडमध्ये उत्तर तयारच होतं: कवी निसर्गप्रेमी होता, निसर्ग हा त्याचा गुरू, मित्र व मार्गदर्शक होता, डॅफोडिलची फुले पाहून त्याचे मन हरखून गेले.

म्हटलं, इंग्रज कवी वर्ड्सवर्थची ती डॅफोडिलवरची मूळ कविता तरी बघू. शाळेनंतर पहिल्यांदाच नीट वाचली आणि शेवटच्या कडव्याशी अडकलो. कवी घरी कोचावर आडवा पडलाय, मन रिकामं किंवा उदास, आणि तेव्हा ती फुलं त्याच्या 'आतल्या डोळ्यापुढे' लखकन चमकून जातात. तळ्याकाठी उभा होता तेव्हा तो नुसता बघत राहिला. हा देखावा आपल्याला केवढी संपत्ती देऊन गेला हे तेव्हा लक्षातही आलं नाही, असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे मुद्दल तळ्याकाठी जमा झालं, पण व्याज सुरू झालं ते घरी, कोचावर.

मग जरा खणलं. फुलं पाहिली १५ एप्रिल १८०२ ला, उत्तर इंग्लंडातल्या अल्सवॉटर तळ्याच्या काठाने चालत घरी येताना. कविता लिहिली दोन वर्षांनी, १८०४ मध्ये. छापली १८०७ मध्ये. आकाशगंगेतल्या ताऱ्यांचं जे कडवं आपण पाठ केलं, ते तर १८१५ च्या आवृत्तीत घातलेलं आहे. पहिल्या छापील प्रतीत फुलं 'सोनेरी' नव्हती, 'नाचरी' होती. तेरा वर्षं हा माणूस एका दुपारवर काम करत होता.

आणि 'एकटाच भटकत होतो ढगासारखा' म्हणतो, तो त्या दिवशी एकटा नव्हताच! बहीण डोरोथी बरोबर होती. तिच्या रोजनिशीत ती दुपार सविस्तर आहे: आधी पाण्याजवळ दोनचार फुलं दिसली, मग पुढे वाढतच गेली, काही फुलांनी दमून दगडांवर उशीसारखी मान टेकली होती, बाकीची वाऱ्यात डोलत, हेलपाटत, नाचत होती. 'नाचणं' हा शब्द तिचा. आणि आतल्या डोळ्याच्या त्या दोन ओळी? त्या बायकोच्या, मेरीच्या. कवितेतल्या सगळ्यात चांगल्या ओळी तिच्या आहेत हे वर्ड्सवर्थने स्वतः सांगून ठेवलंय. एकटेपणाची कविता तिघांनी मिळून केलेली.

माझा प्रश्न असा: आनंद फुलांत होता, की आठवणीत, की बरोबरच्या माणसांत? भाचीला काय लिहायला सांगू?

मधली_सुट्टी | ७ एप्रिल, रात्री १०.०५

वाचनखूण साठवली. भाचीला सांगा, गाईडमधलंच लिही, पेपर तपासणाऱ्याकडे वेळ नसतो.

खडू_फळा | ७ एप्रिल, रात्री ११.१८

पेपर तपासणारा मीच होतो, एकतीस वर्षे. वेळ खरोखरच नसतो. पण कोचाचा उल्लेख असलेली उत्तरपत्रिका आली असती तर मी थांबून चहा मागवला असता.

तालुक्याच्या गावी ही कविता शिकवताना मोठी पंचाईत असे. डॅफोडिल ना मुलांनी पाहिलेले, ना मी. एके वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, गणपतीच्या आसपास आमच्या डोंगराच्या पठारावर सोनकी फुलते, पार कड्यापर्यंत पिवळं. तसंच ना?" तसंच. पुढे तो म्हणाला, "पण आम्ही गुरं घेऊन जातो, बघत नाही बसत." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण तो नकळत कवितेचाच मुद्दा बोलला होता. 'तेव्हा लक्षातही आले नाही'!

पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एक साक्षीदार आहे, आणि तो कवी नाही. जॉन स्टुअर्ट मिल, इंग्रज तत्त्वज्ञ. तीन वर्षांच्या वयापासून ग्रीक, पुढे तर्कशास्त्र, अर्थशास्त्र; बापाने पोराचे यंत्र केले होते. १८२६ मध्ये, विशीत, त्याने स्वतःला विचारले: तुला हव्या त्या सगळ्या सुधारणा आत्ता, या क्षणी झाल्या, तर तू सुखी होशील का? आतून उत्तर आले, नाही. तिथे तो कोसळला. आधी कवी बायरन वाचून पाहिला, उपयोग झाला नाही. बायरनचे दुखणे याच्यासारखेच होते. १८२८ च्या शरदात वर्ड्सवर्थ हाती आला आणि औषध लागू पडले. 'औषध' हा शब्द त्याच्याच आत्मचरित्रातला.

पण का लागू पडले, यावर मिलचे उत्तर पाहा. नुसती डोंगरदऱ्यांची चित्रे असती तर काही झाले नसते, असे तो म्हणतो. चित्रे वॉल्टर स्कॉट याहून बरी काढतो, आणि कुठलाही बेताचा खराखुरा देखावा कोणत्याही कवीपेक्षा सरस असतो. वर्ड्सवर्थने दिले ते सौंदर्य पाहताना मनाची जी अवस्था होते ती, विचारासकट. शांत बसून चिंतन करण्यातही कायमचे सुख आहे, आणि त्यासाठी माणसांपासून तोंड फिरवावे लागत नाही, हे त्याला तिथे कळले. वर्ड्सवर्थपेक्षा थोर कवी झाले आहेत हेही तो मोकळेपणाने सांगतो. अकाव्यात्म स्वभावाच्या लोकांचा हा कवी आहे, असे त्याचे मत. सिव्हिल इंजिनिअरांनी राग मानू नये.

पाऊलवाट | ७ एप्रिल, रात्री ११.३१

राग कसला सर, प्रमाणपत्र मिळालं.

तिरका_डोळा | ८ एप्रिल, सकाळी ८.२२

धागा गोड चाललाय, म्हणून थोडं मीठ टाकतो.

वर्ड्सवर्थचीच 'टिंटर्न ॲबी' घ्या (ॲबी म्हणजे मठ). ज्या कवितेवर या माणसाचं सगळं निसर्गाचं तत्त्वज्ञान उभं आहे ती. १३ जुलै १७९८, वाय नदीचा काठ, पाच वर्षांनी पुन्हा आलो, किती शांत, किती हिरवं वगैरे. शीर्षकात ॲबी आहे, कवितेत मात्र ॲबीचा एक दगड नाही. शीर्षकच सांगतं, 'काही मैल वरच्या अंगाला'. वरच्या अंगाला का? विल्यम गिल्पिन नावाचा गृहस्थ १७७० मध्ये तिथे जाऊन आला होता, त्याच्या १७८२ च्या पुस्तकात सापडतं. त्या भग्न मठात भिकारी राहत होते, आणि अर्ध्या मैलावर लोखंडाचे कारखाने चालू होते. कवितेत झाडांतून धुराची वलयं वर येतात, तर कवी म्हणतो असतील कोणी भटके, नाहीतर गुहेतला एखादा बैरागी. बैरागी! १९८० च्या दशकात जेरोम मॅकगॅन, मार्जोरी लेव्हिन्सन या समीक्षकांनी हेच बोट ठेवलं: गरिबी चौकटीबाहेर ठेवली की निसर्ग शांतच दिसतो.

आणि पाच वर्षांपूर्वी म्हणजे कधी? १७९३. इंग्लंड-फ्रान्स युद्ध सुरू झालेलं. फ्रान्समध्ये याची प्रेयसी ॲनेट आणि डिसेंबर १७९२ मध्ये जन्मलेली मुलगी कॅरोलिन. हा इकडे. फ्रेंच क्रांतीवर जीव लावला होता, तिकडे गिलोटिन चालू. त्या मनःस्थितीत हा डोंगरात शिरला. याला निसर्गप्रेम म्हणायचं की फरार होणं?

खडू_फळा | ८ एप्रिल, सकाळी १०.४७

फरार होणेच. कवितेत तसे लिहिलेलेच आहे. त्या वेळी आपण कसे होतो ते सांगताना तो म्हणतो, आवडत्या गोष्टीकडे जाणाऱ्यासारखा नव्हे, ज्याची धास्ती आहे त्यापासून पळणाऱ्यासारखा. आरोपीने आधीच कबुलीजबाब दिलेला असताना समीक्षकांनी दोनशे वर्षांनी छापा घातला.

भिकाऱ्यांचा मुद्दा मात्र मान्य. तो मलाही बोचतो.

पाऊलवाट | ८ एप्रिल, दुपारी १.१५

तिरका_डोळा, तुमच्या पोस्टमुळे ती कविता सकाळपासून दोनदा वाचली. लांब आहे, दीडशेच्या वर ओळी, पण एकदा चाल सापडली की सोडवत नाही. वर्ड्सवर्थने म्हातारपणी सांगितलंय की टिंटर्न सोडताना ती मनात सुरू झाली, बहिणीबरोबरच्या चार-पाच दिवसांच्या भटकंतीनंतर ब्रिस्टलमध्ये शिरताना संपली, आणि तोवर कागदावर एक अक्षर नव्हतं. ओळही बदलली नाही म्हणे.

मला त्यात सगळ्यात खरी वाटलेली जागा अशी. आधी तो मोठमोठे दावे करतो: शहराच्या गोंगाटात, भाड्याच्या खोलीत एकटा असताना या दृश्यांनी मला साथ दिली, कोणाला आठवणारही नाहीत अशी लहानसहान चांगली कामं माझ्या हातून झाली ती यांच्यामुळे, कधीकधी तर वस्तूंच्या आतला जीव दिसला. आणि लगेच पुढची ओळ: हा माझा नुसता भ्रम असेल तर... वाक्य तिथेच अर्धवट सोडून तो पुन्हा नदीला हाक मारतो. मला इथे हा माणूस आवडला. गाईडमधला वर्ड्सवर्थ कधी अडखळत नाही, हा अडखळतो.

आणि शहाणपण? ते तर सरळ तोट्यातून येतं. पोरवयातला तो दुखरा, बेभान आनंद गेला, परत येणार नाही, हे तो मान्य करतो. त्याच्या बदल्यात काय मिळालं, तर निसर्गाकडे बघताना आता माणसांचं ते हळू, उदास संगीत ऐकू येतं. भरपाई पुरेशी आहे असं तो म्हणतो. थोडं जास्तच ठासून म्हणतो, असं माझं मत.

लोकल_प्रवासी | ८ एप्रिल, रात्री ८.५०

सगळे डोंगराच्या बाजूने बोलताय. मी चार्ल्स लॅमच्या बाजूने.

लॅम म्हणजे वर्ड्सवर्थचा कविमित्र कोलरिज याचा शाळासोबती, लंडनला ईस्ट इंडिया कंपनीत कारकून, तेहतीस वर्षं खातेवह्या लिहिल्या. वर्ड्सवर्थने त्याला आपल्याकडे, तळ्यांच्या मुलखात (लेक डिस्ट्रिक्ट) बोलावलं. जानेवारी १८०१ मध्ये याने उत्तर धाडलं, ते वाचून मी उडालो. आशय असा: आयुष्यात एकही डोंगर नाही बघितला तरी माझं काही अडत नाही. दिवे लावलेली दुकानं, गर्दी, गाड्या, रात्रीही जागे असलेले रस्ते, यांच्यावर माझा जीव आहे. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरून रात्री चालताना एवढं जीवन बघून आनंदाने डोळ्यांत पाणी येतं.

मी रोज ठाणे ते चर्चगेट, मध्ये दादरला बदलून. दादरच्या पुलावर सकाळी नऊला मला तेच होतं. (कधीकधी. एरवी शिव्या येतात.)

दवणा | ८ एप्रिल, रात्री ९.२६

लोकल_प्रवासी, त्याच लॅमवर कोलरिजने एक अख्खी कविता लिहिली आहे, आणि तिच्यामागे चक्क दूध उतू... म्हणजे सांडल्याची हकिकत आहे! जुलै १७९७, नेदर स्टोवी, कोलरिजचं गाव. लॅम पाहुणा आलेला, शिवाय वर्ड्सवर्थ आणि डोरोथी. सगळे टेकड्यांवर फिरायला निघणार, तेवढ्यात कोलरिजच्या बायकोच्या हातून उकळतं दूध याच्या पायावर सांडलं. मंडळी गेली, हा बागेत लिंबाच्या मांडवाखाली पाय धरून बसला. (आपलं लिंबू नव्हे हं, तिकडचं लाइम, मोठं सावलीचं झाड.) सुरुवातीला कुरकुर. मग मनाने त्यांच्यामागे निघतो: आता ते त्या ओढ्याशी पोचले असतील, आता समुद्र दिसला असेल, बिचारा लॅम शहरात गुदमरला होता, त्याला किती बरं वाटत असेल. असं करता करता याच्या लक्षात येतं की आपण बसलोय त्या मांडवातही पानांवर ऊन पडलंय, आणि तेही काही कमी नाही.

लॅमने नंतर कळवलं, मला 'कोमलहृदयी' म्हणू नकोस बाबा, त्यापेक्षा 'दारुडा, तोतरा' असं काहीतरी घाल.

पण मूळ प्रश्नावर याच कोलरिजने पाच वर्षांनी जे लिहिलं ते फार कडू आहे. ४ एप्रिल १८०२. मन मेलेलं, लग्न मोडकळीला आलेलं, अफूची सवय, प्रेम भलतीकडेच. पश्चिमेचं आकाश, चांदणी, चंद्रकोर, सगळं किती सुंदर आहे ते मला दिसतंय, पण जाणवत नाही, असं तो लिहितो. आणि मग: आपण जे देतो तेवढंच आपल्याला परत मिळतं, निसर्ग जगतो तो आपल्याच जिवावर.

तारीख बघा. ४ एप्रिल. डॅफोडिल दिसले त्याच्या अकरा दिवस आधी. हेच पत्रासारखं लिहिलेलं काव्य कापून-छाटून वर्तमानपत्रात छापलं गेलं ते ४ ऑक्टोबर १८०२ ला, नेमकं वर्ड्सवर्थच्या लग्नाच्या दिवशी. दोन मित्र, एकच वसंत, आणि दोन उलट उत्तरं. मला स्वतःला कोलरिज खरा वाटतो. मागच्या वर्षी आई गेली, तेव्हा ऐन मे महिन्यात आमच्या गल्लीतला गुलमोहर लालभडक झाला होता. दिसत होता. बस, दिसत होता.

रानजाई | ९ एप्रिल, पहाटे ३.१० (आमच्याकडे रात्रीचे पावणेअकरा)

दवणा, तुझं वाचून जरा वेळ थांबले.

मी इंग्लंडात प्रेस्टनला राहते, तिथून तळ्यांचा मुलूख जवळ. पहिल्यांदा गेले ते विंडरमिअरपर्यंत आगगाडीने. नंतर कळलं की १८४४ मध्ये याच गाडीविरुद्ध म्हातारा वर्ड्सवर्थ वर्तमानपत्रांतून भांडला होता! गर्दी येईल, एकांत जाईल. गाडी आलीच, १८४७ मध्ये. आणि गंमत म्हणजे याच माणसाने आधी त्या भागाचं प्रवासवर्णन लिहिलं होतं आणि त्यात म्हटलं होतं की ज्याला बघायला डोळा आणि आनंद घ्यायला हृदय आहे, त्या प्रत्येकाची ही एक प्रकारची राष्ट्रीय मालमत्ता आहे. म्हणजे मालमत्ता सगळ्यांची, पण येऊ नका! पुढे १९५१ ला तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, २०१७ ला जागतिक वारसा. मी गेले तेव्हा पार्किंगला जागा नव्हती म्हणे, मला काय, मी आगगाडीने.

ग्रासमेअरचं त्यांचं घर, डव्ह कॉटेज, बघून धक्का बसला. १७९९ च्या डिसेंबरात भाऊ-बहीण तिथे आले, त्याआधी ती दारूची खानावळ होती. खालच्या खोल्या काळोख्या, छत बुटकं. वर एका खोलीच्या भिंतींना डोरोथीने थंडी अडवायला वर्तमानपत्रं चिकटवली होती. आपण कल्पना करतो हिरवळीवरच्या बंगल्याची.

आणि डॅफोडिल! दुकानात मिळतात ते मोठे, भडक पिवळे, ते नव्हेत. रानातले लहान, वीतभर उंचीचे, बाहेरच्या पाकळ्या फिक्या. अल्सवॉटरच्या काठाला ग्लेनकोयनजवळ एप्रिलच्या सुरुवातीला दिसतात. मी गेले त्या दिवशी आडवा पाऊस, बूट भिजलेले, नवरा वैतागलेला, फोटोत नुसतं करडं. मनात म्हटलं, एवढ्यासाठी? परत येताना सँडविच खाऊन झोपले.

पाऊलवाट, तुमचा धागा वाचेपर्यंत त्या दिवसाची मला आठवणही नव्हती. आज कामावरून आले, वाचला, आणि काय दिसलं माहितेय? फुलं नाहीत. एका दगडावर मान टाकलेलं एक फूल, त्याच्यावरून पाणी ओघळतंय. मी तेव्हा पाहिलंच नव्हतं असं मला वाटत होतं.

पाऊलवाट | ९ एप्रिल, सकाळी ७.५८

रानजाई ताई, दगडावर मान टाकलेलं फूल तुम्ही पाहिलंत की डोरोथीने दाखवलं?

रानजाई | ९ एप्रिल, सकाळी ११.४०

हे काय विचारलंत! आता मलाच खात्री नाही.

तिरका_डोळा | ९ एप्रिल, दुपारी १२.३०

आनंदाचं समजलं. 'शहाणपण' अजून पचत नाही. वसंतातल्या रानाची एक झुळूक सगळ्या ऋषींपेक्षा नीती-अनीती जास्त शिकवते, असं हा गृहस्थ एका कवितेत लिहितो. कोणत्या झाडाने कोणाला नीती शिकवली? आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांची बाग अप्रतिम आहे, एवढंच बोलतो.

खडू_फळा | ९ एप्रिल, दुपारी ४.०५

ती कविता थोडी चिडवण्यासाठी लिहिलेली आहे. पुस्तकात डोके घालून बसलेल्या मित्राला उठवण्यासाठी. तिला कायद्याचे कलम समजू नये.

शहाणपणाचा खरा धडा त्याच्या आत्मचरित्रपर महाकाव्यात आहे, आणि तो झुळकेचा नाही, भीतीचा आहे. शाळकरी वयात एका संध्याकाळी त्याने तळ्याकाठी बांधलेली दुसऱ्याची होडी सोडली आणि वल्हवत निघाला. नजर समोरच्या कड्यावर. वल्ही मारता मारता त्या कड्यामागून एक प्रचंड काळे शिखर वर आले, आणि जसजसा हा दूर जाई तसतसे ते उंच होत मागे येऊ लागले. भूमितीच्या दृष्टीने यात चमत्कार काही नाही, इंजिनिअरसाहेब सांगतील. पोर घाबरले, होडी परत नेऊन बांधली. कोणी रागावले नाही, कोणाला कळलेही नाही. पण पुढे कित्येक दिवस त्याच्या डोक्यात ओळखीची चित्रे उरली नाहीत. झाडे नाहीत, आकाश नाही, माणसासारखी न जगणारी कसली तरी प्रचंड रूपे फिरत राहिली. सौंदर्य आणि भय, दोघांनी मला वाढवले, असे तो म्हणतो.

आठव्या वर्षाच्या आत आई गेली होती, तेराव्या वर्षी बाप गेला. ज्या मुलाला रागवायला घरात कोणी नाही, त्याला डोंगर रागावला. यापेक्षा जास्त स्पष्टीकरण मी वर्गात कधी दिले नाही.

तुमच्या अध्यक्षांनी होडी चोरून पाहावी.

तिरका_डोळा | ९ एप्रिल, दुपारी ४.२०

हाहा. शस्त्रं खाली.

भुईकमळ | ९ एप्रिल, संध्याकाळी ६.४५

आपले बालकवी कसे कोणी काढले नाहीत अजून? आनंदी आनंद गडे!

दवणा | ९ एप्रिल, संध्याकाळी ७.३०

काढायलाच हवेत, पण फरक बघ. बालकवींचा आनंद वर्तमानकाळातला आहे: इकडे तिकडे चोहिकडे, आत्ता, इथे. श्रावणात क्षणात सरसर शिरवे आणि क्षणात ऊन. आठवणीची तिजोरी नाही. आणि तो आनंद गेला की मग एकदम 'पारवा', पडकी धर्मशाळा आणि खिन्न नीरस एकांतगीत. मधलं काही नाही, कोच नाही. १९१८ मध्ये भादलीला रेल्वेखाली गेले तेव्हा तिशीसुद्धा उलटली नव्हती. आठवणींवर जगायला वय तरी लागतं ना.

दुसरा रोमँटिक कवी कीट्स, त्याचंही तसंच. 'चिरकाल आनंद' हे शब्द मुळात त्याच्या १८१८ च्या काव्याच्या पहिल्या ओळीतले असावेत, असा मला भाचीच्या प्रश्नावर संशय आहे. पण त्याला उपदेश करणारी कविता आवडायची नाही, आपल्यावर डाव टाकणारी कविता नको, असं तो वर्ड्सवर्थविषयीच एका पत्रात बोलला. सप्टेंबर १८१९ मध्ये विंचेस्टरला फिरताना कापणी झालेलं शेत त्याला उबदार दिसलं. धसकटं उरलेलं शेत! त्यावरून जी शरदाची कविता झाली तिच्यात 'मी' हा शब्दच नाही. दीड वर्षाने रोममध्ये क्षयाने गेला, पंचविसाव्या वर्षी. त्या कवितेत शहाणपण शोधायला गेलं तर फक्त किडे गुणगुणताना आणि भिंगऱ्या जमताना सापडतात.

गावरान | ९ एप्रिल, रात्री ८.१५

सगळी शिकलेल्यांची नावं घेतलीत. जॉन क्लेअर राहिला. शेतमजुराचा पोर, स्वतः शेतमजूर, गाव हेल्पस्टन, जन्म १७९३. याला निसर्ग बघायला सहलीला जावं लागत नव्हतं. कोकिळ-कुळातला त्यांचा तो नाइटिंगेल कीट्सने कानांनी ऐकला आणि मरणाचा विचार केला. क्लेअर वाकून, काटे बाजूला सारून घरट्यापर्यंत जातो, अंडी किती, रंग कोणता, ओकाची सुकी पानं कशी अंथरलीत ते सांगतो आणि म्हणतो, चला, आता तिला त्रास नको.

१८०९ मध्ये कायदा झाला आणि गावची मोकळी कुरणं, गायरानं कुंपणात गेली. झाडं तोडली, वाटा बंद, पाट्या लागल्या. बाकीच्या कवींना निसर्ग आठवणीत साठवता आला कारण तो परत जाऊन बघता येत होता. याच्याकडे फक्त आठवणच उरली, आणि तिनेच त्याला खाल्लं. १८३७ पासून वेड्यांच्या इस्पितळात. १८४१ च्या जुलैत एसेक्सच्या इस्पितळातून निघाला आणि ऐंशी मैल चालत घराकडे आला, वाटेत भुकेने रस्त्याकडेचं गवत खाल्लं. शेवट १८६४ ला, इस्पितळातच.

आमच्या गावचं गायरान आता प्लॉटिंगमध्ये आहे. तिथे टिटवीची अंडी कुठे असायची हे मला अजून पावलानिशी सांगता येईल. ही संपत्ती आहे की दुखणं ते मला विचारू नका.

लोकल_प्रवासी | ९ एप्रिल, रात्री ८.४०

गावरान, यावर काय बोलणार. (दुरुस्ती: नाइटिंगेल कोकिळेच्या कुळातला नाही, दयाळाच्या जवळचा. पण मुद्दा पोचला.)

गावरान | ९ एप्रिल, रात्री ८.५२

बरोबर. दयाळच म्हणायला हवं होतं.

खडू_फळा | १० एप्रिल, सकाळी ६.३०

रात्री झोप आली नाही, दवणा यांच्या गुलमोहरामुळे.

कोलरिज खरा की वर्ड्सवर्थ, याचे उत्तर वर्ड्सवर्थलाही पुढे द्यावे लागले. त्याचा धाकटा भाऊ जॉन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर कप्तान होता. ५ फेब्रुवारी १८०५ रोजी बंगाल-चीनकडे निघालेले ते जहाज इंग्लंडचा किनारा सुटण्याआधीच वेमथजवळ बुडाले, जॉनसकट. त्यानंतर वर्ड्सवर्थने एका किल्ल्याच्या वादळी चित्रावर कविता लिहिली. पूर्वी मी हे चित्र काढले असते तर समुद्र शांत काढला असता, असे तो म्हणतो. आता खोल दुःखाने मला माणूस केले. निसर्गाने माणूस केले असे म्हणत नाही. १८१२ मध्ये सहा महिन्यांत दोन मुले गेली, कॅथरिन आणि टॉमस. कॅथरिनवरच्या सुनीतात एकदा अचानक आनंद होतो, तो सांगायला हा वळतो, आणि ज्याला सांगायचे ते माणूस मातीत असते.

म्हणून पाऊलवाट यांच्या तीन पर्यायांत मी तिसऱ्याच्या बाजूने आहे. बरोबरची माणसे.

आणि त्यावर शेवटची साक्ष डोरोथीची. 'टिंटर्न ॲबी'च्या अखेरीस तो तिच्याकडे वळतो आणि म्हणतो, पुढे कधी एकटेपण, भीती, दुखणे तुझ्या वाट्याला आले, तर ही नदी तुला आठवेल आणि बरे वाटेल. हे भविष्य म्हणायला सोपे होते, ती तेव्हा सव्वीस वर्षांची, डोंगर पालथे घालणारी. पुढे ती खरेच अंथरुणाला खिळली. १८३२ च्या सुमारास कोणी स्नेह्यांनी तिच्या खोलीत वर्षातली पहिली फुले आणून दिली, तेव्हा तिने आजारी अंथरुणावरून एक कविता लिहिली. हलायची गरज नाही, बळाची नाही, मोकळ्या हवेचीही नाही, आठवणीबरोबर मी तिथे होते, असे ती लिहिते. वाय नदीचे हिरवे काठ तिला दिसतात, आणि भावाला सांगते की तुझे ते भविष्य मला आठवले.

त्यानंतर काही वर्षांत तिचे मनही गेले. ती भावाच्या मागे पाच वर्षे जगली, १८५५ पर्यंत. तेव्हा आतल्या डोळ्यापुढे काय होते हे सांगायला तिने रोजनिशी ठेवली नाही.

दवणा | १० एप्रिल, सकाळी ७.१२

सर, ती कविता कुठे मिळेल? गुलमोहराला या वर्षी अजून कळ्या नाहीत, पण आल्या की बघीन म्हणते.

खडू_फळा | १० एप्रिल, सकाळी ७.२०

टंकून पाठवतो, व्यक्तिगत निरोपात. एका बोटाने टंकतो, दुपार होईल.

पाऊलवाट | १० एप्रिल, सकाळी ९.०३

मलाही पाठवा सर. भाचीने काल रात्रीच उत्तर लिहून टाकलं, गाईडमधलंच. म्हणाली, "मामा, कोचाचं शेवटी एक वाक्य घातलंय, पण मेरीचं नाव स्पेलिंग चुकू नये म्हणून गाळलं."